घोडेगांव ते नगर : स्थळें, त्यांचीं नांवें व त्यांचे पुरावे

अहमदनगर शहरांतील निजामशाही वास्तूंचीं वर्णनें आजवर पुष्कळ झालीं आहेत. त्यांत नवी भर घालावी असा आमचा हेतु नाहीं. घोडेगांवाहून निघून नगर पाहत असतां जी एक अडचण आम्हांस पुनःपुन्हा आली, ती अभ्यासकांपुढें व विशेषतः जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या मंडळींपुढें मांडावी, एवढ्यासाठींच हें टिपण लिहिलें आहे. अडचण अशी कीं, स्थळ डोळ्यांपुढें असतें, नांव लोकांच्या तोंडीं असतें, आणि त्या दोहोंस जोडणारा पुरावा मात्र तिसऱ्याच ठिकाणीं असतो. पुष्कळदां तर तो उरलेलाच नसतो. या शहरास व जिल्ह्यास २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें. पुढील विवेचन जुन्या काळाचें असल्यामुळें त्यांत कागदांतील जुनेंच नांव ठेविलें आहे.

घोडेगांव हें नेवासें तालुक्यांतील गांव नगरहून औरंगाबादेकडे, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराकडे, जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. नगरपासून अंतर सुमारें दहा कोस. जनावरांचा बाजार व कांद्याची पेठ यांमुळें तें पंचक्रोशीबाहेरहि ठाऊक आहे. ग्रामदेवता घोडेश्वरी. शनिशिंगणापुरास जाणारे यात्रेकरू येथें हमरस्ता सोडून वळतात व गांव न पाहतां पुढें जातात. आमचाहि पूर्वीं तोच क्रम होता. गांवाच्या नांवाची उपपत्ति विचारली असतां घोड्यावरून सांगणारे भेटतात, तसेच देवीवरून सांगणारेहि भेटतात. गांवावरून देवीस नांव पडलें कीं देवीवरून गांवास पडलें, हें नुसत्या नांवाकडे पाहून ठरत नाहीं.

नांवाची दुसरी अडचण याहून मोठी आहे. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं दुसरें घोडेगांव आहे. तें आंबेगांव तालुक्याचें ठाणें होय. मोडी कागदांत ‘मौजे घोडेगांव’ एवढेंच शब्द आले, तर तें गांव कोणतें, हा प्रश्न उरतोच. परगण्याचें नांव, शेजारच्या गांवाचा उल्लेख, पाटलाचें वा देशमुखाचें आडनांव, यांपैकीं कांहीं तरी सोबत असल्याशिवाय निर्णय करूं नये. छापील ग्रंथांच्या सूचींत एकाच नांवाचीं दोन गांवें एकाच पृष्ठांकाखालीं गोळा होण्याचा धोका असा नेहमीं असतो, आणि एकदां झालेली चूक पुढील लेखक निमूटपणें उचलतात. हा इशारा प्रथमच देऊन ठेवण्याचें कारण शेवटीं येईल.

याच तालुक्याच्या ठाण्यास, नेवाशास, नांव व पुरावा यांचा संबंध कसा असतो याचें उत्तम उदाहरण आहे. शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरीची रचना प्रवरेच्या तीरीं नेवासें येथें झाली. ज्या खांबाजवळ ती सांगितली गेली असें परंपरा म्हणते, तो ‘पैस’ खांब आजहि तेथें आहे व त्याभोवतीं मंदिर उभें आहे. त्या खांबावर संस्कृत लेख आहे. लेखाचा विषय करवीरेश्वर देवापुढील दिव्याच्या तेलासाठीं दिलेलें दान हा आहे. ज्ञानेश्वरांचें नांव त्यांत नाहीं. यावरून परंपरा खोटी ठरते काय? मुळींच नाहीं. लेख खांबाच्या मूळ देवालयाची साक्ष देतो, आणि परंपरा त्या देवालयांत पुढें काय घडलें याची. दोन साक्षी दोन वेगवेगळ्या गोष्टींच्या आहेत. एकीच्या बळावर दुसरी सिद्ध करूं जाणें किंवा खोडूं जाणें या दोन्ही चुका होत. येथूनच जवळ लाडमोड टेकाडावर डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखालीं इ. स. १९५४ ते १९५६ या काळांत उत्खनन झालें व अश्मयुगापासूनची वस्ती उजेडांत आली. त्या थरांस नांवच नव्हतें. तेथें पुरावा होता आणि नांव नव्हतें.

घोडेगांवाहून नगराकडे निघालें म्हणजे पांढरी पूल, इमामपूरचा घाट, जेऊर व शेंडी हीं ठिकाणें क्रमानें लागतात. इमामपूर हें नांव ऐकतांच निजामशाहींतील शिया पंथाची आठवण होऊन लगेच अनुमान बांधण्याचा मोह होतो. आम्हीं तो आवरला. लेख वा सनद पाहिल्याशिवाय नांवावर राज्यकर्त्यांचा धर्म लादणें बरें नव्हे. तसेंच या सडकेचें. औरंगजेब बादशहा मार्च १७०७ मध्यें नगरजवळ भिंगार येथील छावणींत वारला व त्याचें शव खुलदाबादेस नेऊन पुरण्यांत आलें, या दोन्ही गोष्टी निश्चित आहेत. परंतु आजची सडक हीच त्या प्रवासाची वाट, असें मात्र गृहीत धरूं नये.

शहराचा आरंभ सर्वांस ठाऊक आहे. मलिक अहमद यानें इ. स. १४९० मध्यें भिंगारजवळ बहामनी सैन्याचा पराभव केला व इ. स. १४९४ मध्यें सीना नदीच्या कांठीं आपल्या नांवाचें शहर वसविलें. त्याचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यांतील होता, असें फिरिस्ता सांगतो. या काळासाठीं दोन फारशी ग्रंथ मुख्य आधार मानले जातात. एक फिरिस्त्याचा, तो नगरांत वाढला, इ. स. १५८९ मध्यें विजापुरास गेला, आणि त्याचा ग्रंथ तेथें आदिलशाही आश्रयाखालीं झाला. दुसरा बुर्हान-ए-मआसिर, त्याचा कर्ता सय्यद अली तबातबा हा दुसऱ्या बुर्हान निजामशहाच्या आश्रयास होता. एक लेखक शहर सोडून गेलेला व दुसरा शहराच्या धन्याचा आश्रित. दोघांची साक्ष घ्यावीच लागते. मात्र ती घेतांना तो कोठें बसून लिहितो आहे, हें प्रथम पाहावें.

अहमद निजामशहाची कबर बागरौजा येथें आहे. काळ्या दगडाची घुमटाची ही इमारत लहान पण भक्कम आहे, व आंतून कुराणांतील वचनांनीं सजविलेली आहे. आवारांतील एका चौथऱ्याविषयीं अशी कथा सांगतात कीं, इ. स. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईंत रामराजास पकडणारा गुलामअली नांवाचा हत्ती तेथें पुरला आहे. हुसेन निजामशहा त्या लढाईंत होता, हें इतिहासास धरून आहे. हत्तीची कबर ही परंपरा होय. ती टांकून देण्याचें कारण नाहीं. मात्र टिपून घेतांना ‘लोक सांगतात’ हे दोन शब्द गाळूं नयेत, एवढेंच आमचें म्हणणें.

शहराच्या वैभवाची एक मोठी साक्ष आज शहरांत नाहींच. विजापुरच्या बुरुजावरील मलिक-ए-मैदान ही तोफ इ. स. १५४९ मध्यें नगर येथें मुहम्मद नांवाच्या रूमी कारागिरानें ओतली. ती पुढें परांड्यास व तेथून विजापुरास गेली. तिच्या ओतणीचें स्थळ व कर्ता आपणांस कळतो तो केवळ तोफेवरील लेखामुळें. लेख नसता, तर पाहणाऱ्यांनीं तिला निःशंकपणें विजापुरचीच म्हटलें असतें.

पहिल्या बुर्हान निजामशहानें शाह ताहिर याच्या उपदेशानें शिया पंथ स्वीकारला. त्या पंथाच्या विद्येसाठीं इ. स. १५३७ मध्यें बांधलेला कोटला अद्याप उभा आहे. दमडी मशीद इ. स. १५६७ ची, ती साहिरखान नांवाच्या सरदारानें बांधली. तिच्या दगडावरील नाजूक कोरीव काम नगरांत अद्वितीय आहे. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनीं एकेक दमडी देऊन ती उभारली, म्हणून हें नांव, असें लोक सांगतात. सरदाराचें नांव विसरलें गेलें व मजुरांची दमडी लक्षांत राहिली, हें इतिहासाच्या दृष्टीनें चूक असलें तरी लोकांच्या मनाची ओळख करून देणारें आहे. फराहबाग हा इ. स. १५८३ मध्यें पुरा झाला. भोंवतीं तळें व मधोमध महाल, अशी त्याची रचना आहे. शहराबाहेरील खेड्यांतून खापरी नळांनीं शहरास व बागांस पाणी आणण्याची नगरची व्यवस्था त्या काळीं मोठी होती. आज त्या तळ्याचें पात्र पाहून तिची नुसती कल्पना करावी लागते.

नांव व पुरावा यांची फारकत सर्वांत अधिक कोठें झाली असेल, तर ती शहराच्या पूर्वेस, पाथर्डीच्या रस्त्यानें सुमारें तीन कोसांवर असलेल्या डोंगरावर. तेथील तीन मजली अष्टकोनी इमारतीस सर्व लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. वस्तुतः तो महालहि नव्हे व चांदबिबीचाहि नव्हे. ती पहिल्या मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे, तो इ. स. १५८९ मध्यें वारला. सभोंवार कमानींच्या ओवऱ्या, वर घुमट, व खालीं तळघरांत कबर, अशी तिची रचना. वर चढून पाहिलें असतां सारें शहर, किल्ला व भोंवतालची खेडीं नजरेच्या टप्प्यांत येतात.

हा नांवाचा बदल कसा झाला असावा? चांदबिबी ही हुसेन निजामशहाची मुलगी व विजापुरच्या पहिल्या अली आदिलशहाची राणी. इ. स. १५९५-९६ मध्यें शाहजादा मुराद यानें नगरास वेढा घातला, तेव्हां तिनें किल्ला लढविला व वऱ्हाड देऊन तह केला. इ. स. १६०० मध्यें दुसऱ्या वेढ्याच्या वेळीं ती स्वतःच्याच लोकांच्या हातून मारली गेली व लौकरच किल्ला मोगलांकडे गेला. अशा स्त्रीचें एक तरी स्मारक आपल्या शहरांत असावें, असें लोकांस वाटलें. आणि ज्याचा कैवारी कोणी उरला नव्हता अशा वजिराची इमारत त्यांनीं तिला देऊन टाकली. आम्हीं डोंगरावर भेटलेल्या एका मेंढपाळास कबर कोणाची हें सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें व म्हटलें, “असंल महाराज, पण नांव बाईचंच चाललंय.” त्याच्याशीं वाद घालण्याचें आम्हांस कारण दिसलें नाहीं. लोकांनीं बाईचें नांव खुशाल चालवावें. मात्र सलाबतखानाचें नांव अभ्यासकानेंहि सोडलें, तर तें कोणाकडेच उरणार नाहीं.

किल्ल्याकडे वळूं. आरंभींचा मातीचा कोट काढून दगडी तट बांधण्याचें काम हुसेन निजामशहानें इ. स. १५५९ मध्यें हातीं घेतलें. तटाचा घेर मैलाहून थोडा अधिक असून त्याभोंवतीं रुंद खंदक आहे. इ. स. १७५९ मध्यें पेशव्यांनीं तो कवीजंग याजकडून मिळविला, इ. स. १७९७ मध्यें तो दौलतराव शिंद्यांकडे गेला, व त्याच सुमारास नाना फडणीस कांहीं काळ येथें कैदेंत होते. इ. स. १८०३ च्या ऑगस्टांत आर्थर वेल्स्ली यानें ८ तारखेस शहर व १२ तारखेस किल्ला घेतला. इ. स. १९४२ च्या ऑगस्टांत काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद येथें आणून ठेवण्यांत आले. त्यांत पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव व शंकरराव देव हे होते. नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ याच कोठडींत इ. स. १९४४ मध्यें लिहिला गेला व १९४६ मध्यें प्रसिद्ध झाला. एका ठिकाणीं राजधानी, वेढा, कैदखाना व ग्रंथलेखन या चारहि गोष्टी घडल्या, असें उदाहरण विरळा.

या नगराशीं जर्मन लोकांचाहि एक संबंध आहे. पहिल्या महायुद्धांत जर्मन कैद्यांची व स्थानबद्धांची मोठी छावणी येथें होती. दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हांहि हिंदुस्थानांत सांपडलेल्या जर्मन व ऑस्ट्रियन लोकांस प्रथम येथें ठेवून पुढें देवळाली व देहरादून येथें हलविलें. गिर्यारोहक हाइन्रिख हारर त्यांपैकींच एक होता. त्यांनीं हें शहर पाहिलें तें तारेच्या कुंपणांतून. आम्हांस त्यावरून त्यांच्या देशांतील एका शहराची आठवण झाली. न्युरेंबर्ग येथें इ. स. १८५२ मध्यें हान्स फॉन आउफसेस याच्या पुढाकारानें जर्मन प्राचीन वस्तूंचें व साधनांचें राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झालें. आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराचें घर तर त्या शहरानें इ. स. १८२६ मध्येंच विकत घेऊन राखलें होतें. दुसऱ्या महायुद्धांत तेथील अनेक मौल्यवान कलाकृति किल्ल्याखालील खडकांतल्या तळघरांत हलवून ठेवण्यांत आल्या. २ जानेवारी १९४५ रोजीं बॉंबवर्षावानें जुनें शहर बहुतेक जमीनदोस्त झालें. पुढें सेबाल्ड व लोरेन्झ हीं दोन प्रसिद्ध देवालयें व जुन्या शहराचा पुष्कळ भाग पुन्हा उभा राहिला. दगड पडले तरी, कोणता दगड कोठें होता याची आठवण ठेवणारीं माणसें व कागद उरले, म्हणून पुनर्बांधणीस आधार मिळाला.

योगायोग असा कीं, इ. स. १८५२ हेंच वर्ष आपल्या मुंबई इलाख्यांत इनाम कमिशनच्या अकराव्या कायद्याचें. न्युरेंबर्ग येथें जुना कागद जपण्यासाठीं संस्था निघाली, त्याच वर्षीं येथें जुना कागद सरकारी तपासणीपुढें मांडणें इनामदारांस भाग पडलें. घरोघरच्या सनदा व दफ्तरें बाहेर निघालीं, तपासलीं गेलीं. त्यांस किंमत होती ती हक्काचा पुरावा म्हणून. पुढें इ. स. १९५० च्या कायद्यानें मुंबई राज्यांतील परगणे व कुळकर्णी वतनें रद्द झालीं, तेव्हां ती किंमतहि संपली. ज्या रुमालास शंभर वर्षें कुटुंबानें मुलाप्रमाणें संभाळलें, तो माळ्यावरील अडगळ झाला. मोडी वाचणारी पिढी सरली, आणि वाळवीस कोणी हटकीना.

परत येतांना घोडेगांवांत एका जुन्या घरीं आम्हांस याचा प्रत्यय आला. घरांतील वृद्ध गृहस्थांनीं माळ्यावरून एक रुमाल काढून आमच्यापुढें ठेविला. हिशेबाचे ताव, कांहीं रोखे, लग्नतिथींचीं टिपणें, असे किरकोळ कागद होते. एका तावावर ‘मौजे घोडेगांव’ हीं अक्षरें स्वच्छ होतीं. त्यापुढें जेथें परगण्याचें नांव यावयाचें, तेथें कागदाची कड वाळवीनें खाल्ली होती. सालहि त्याच कडेबरोबर गेलें होतें. आरंभीं दिलेला इशारा आमच्यावरच उलटला. हें घोडेगांव कोणतें? कागद याच गांवच्या घरांत सांपडला, म्हणून हेंच असावें असें वाटतें. पण गृहस्थांनींच सांगितलें कीं, त्यांच्या आजीचें माहेर जुन्नरकडील असून तिच्या पेटींतून कांहीं कागद आले होते. तेव्हां तें पुण्याकडील घोडेगांवहि असूं शकेल. आम्हीं ताव परत रुमालांत, होता त्याच दोन कागदांच्या मध्यें ठेविला. कारण वरचा व खालचा कागद हाच आतां त्याचा परगणा होता. तो बाहेर काढून सुटा विकत घेतला असता, तर त्याचें गांव कायमचें गेलें असतें.

संग्रहकर्त्यांस आमचें सांगणें येवढ्याचसाठीं आहे. आपल्यापैकीं पुष्कळांनीं मोठ्या कष्टानें व पदरमोड करून कागद वांचविले आहेत. तें ऋण कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु चांगल्या अक्षराचा, शिक्क्याचा वा प्रसिद्ध नांवाचा एखादा कागद रुमालांतून निवडून घेण्याची व बाकीचे सोडून देण्याची जी रीत पडली आहे, ती सोडावी. शिक्का आपल्या जागीं बोलतो. जागा सुटली कीं तो नुसती शोभा होतो. डोंगरावरील कबरीचें नांव लोकांनीं बदललें, तरी इमारत जागेवर राहिली, म्हणून खरा धनी शोधतां आला. कागदाचें तसें नाहीं. तो जागेवरून हलला कीं शोधण्याचें स्थळच उरत नाहीं.

म्हणून कागद हातीं येतांच चार गोष्टी लगोलग लिहून ठेवाव्यात : तो कोणत्या गांवीं व कोणत्या घरीं मिळाला, रुमालांत त्याच्या वर व खालीं कोणते कागद होते, त्या घरांत कागद बाहेरून येण्याचा कांहीं प्रसंग, लग्नाचा, दत्तकाचा वा वांटणीचा, घडला होता काय, आणि मालकानें त्याविषयीं तोंडीं काय सांगितलें. कागद विकत घेतां न आल्यास निदान छायाचित्र घ्यावें व मूळ रुमाल जसाच्या तसा बांधून परत द्यावा. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं साधनांसाठीं गांवोगांव पायपीट केली व इ. स. १८९८ पासून तीं खंडाखंडांनीं छापलीं. ती पायपीट संपलेली नाहीं. नगरच्या वास्तु पाहण्यास येणाऱ्यानें परततांना वाटेवरील एका गांवीं उतरून एक रुमाल पाहावा, वर सांगितल्याप्रमाणें टिपणें घ्यावींत, व मग पुढें जावें. घोडेगांवचा तो ताव कोणत्या घोडेगांवचा, हें आम्हांस सांगतां आलें नाहीं. त्याच्या शेजारचे कागद वाचून होतील तेव्हां कदाचित् तें सांगतां येईल. ते वाचण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें आहे.